शेवंतीच्या कुळातलं फूल

डबीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढी अक्षरं असतात ना, ती लिहायला कुणी पगार देऊन माणूस ठेवतं, हे आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत अजूनही कुणाला खरं वाटत नाही. "म्हणजे तुम्ही टायपिंग करायचात?" असं शेजारच्या काकूंनी मी निवृत्त झाले त्या दिवशीही विचारलं. मी हो म्हटलं. खुलासा करत बसले असते तर काकूंची भाजी करपली असती.

मी लेबलं लिहायचे. क्रीम, साबण, तेल, ओठांना लावायचा बाम, दिवाळीच्या तोंडावर उटणं. त्यात काय आहे ते असं लिहायचं की कायद्याला पटेल, मालकाला परवडेल आणि गिऱ्हाईक घाबरून डबी परत फळीवर ठेवणार नाही. या तिघांना एका इंचात नांदवायचं म्हणजे तीन सवतींचा संसार. पण मला ते काम आवडायचं, कारण त्या कामाला वास होता.

ऑफिस खराडीत. भोवताली सगळ्या काचेच्या इमारती, गळ्यात पट्टे अडकवलेली तरुण मुलं, आणि मध्येच आमचा एक मजला, जिथे रोज निराळा वास असे. लिफ्टमध्ये अनोळखी मुली एकमेकींना म्हणत, "आज गुलाब आहे वाटतं." आमच्याकडे एक वासाची खोली होती. पांढऱ्या भिंती, पांढरा पडदा, एक टेबल आणि कागदाच्या अरुंद पट्ट्या. पट्टीचं टोक तेलात बुडवायचं, हवेत हलवायचं, डोळे मिटायचे. अकरा वाजेपर्यंत त्या मजल्यावर चहा नाही, हिंगाच्या फोडणीचा डबा उघडायचा नाही, अंगाला अत्तर नाही. दुपारी पडद्यातून ऊन मऊ होऊन आत यायचं आणि मला कितीदा तरी वाटायचं की मी ऑफिसात नाहीच. कुठल्यातरी बागेत बसले आहे, झाडं दिसत नाहीत, फक्त त्यांचं असणं कळतं आहे. अशा तंद्रीत बसण्याचा मला पगार मिळत होता. मी कधी कुणाला सांगितलं नाही.

कंपनी देवधर सरांची, आणि कंपनीचं नाकही त्यांचंच. सगळे सुगंध ते स्वतः जुळवायचे. उंच, किडकिडीत, मोजकं बोलणारा माणूस. एकदा त्यांना मी विचारलं होतं, "सर, तुमचं नाक थकत नाही का?" तर म्हणाले, "थकतं. मग मी स्वतःच्या मनगटाचा वास घेतो. आपला वास आपल्याला येत नाही ना, तेवढीच नाकाला सुट्टी."

आता या धंद्यातली मेख सांगते. एका सुगंधात पुष्कळ तेलं असतात, पण डबीवर दोनच शब्द असतात: नैसर्गिक सुगंध. पाककृती चोरीला जाऊ नये म्हणून तशी मुभा असते. बाहेरच्या काही देशांत मात्र सुगंधातल्या ठरावीक द्रव्यांची नावं लिहावीच लागतात, कारण काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत. ही द्रव्यं कारखान्यातच तयार होतात असं नाही. आपण पावसाळ्यात गवती चहा उकळतो, त्याचा जो वास येतो तो सिट्रालचा. दाढ दुखली की लवंग धरतो, ती झोंबते युजेनॉलमुळे. पण गवती चहा लिहिलं की माणूस प्रसन्न होतो आणि सिट्राल लिहिलं की म्हणतो, "केमिकल!" नाव बदललं की लोकांच्या मनातलं झाडच उपटलं जातं.

त्यामुळे आमच्याकडे एकाच क्रीमची दोन लेबलं असत. परदेशी जाणाऱ्या डबीवर पाच द्रव्यांची नावं, आणि लक्ष्मी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या डबीवर तेच दोन शब्द. क्रीम एकाच कढईतलं. दोन्ही लेबलं मीच लिहायचे, आणि दोन्ही खरी होती.

आमचा फोन नंबर डबीवर असल्यामुळे पुण्यातल्या चौकस माणसांची आमच्यावर विशेष कृपा होती. आंब्याच्या चवीचा ओठांचा बाम काढला तेव्हा एक आजोबा फोनवर आले.

"आपण 'नैसर्गिक आंबा स्वाद' असं छापलं आहे. आंबा कुठला?"

"आजोबा, त्यात आंबा नाही."

"नाही?"

"आंब्यासारखी चव देणारी द्रव्यं आहेत. ती दुसऱ्या वनस्पतींपासून काढलेली आहेत, म्हणून नैसर्गिक."

 मग अतिशय सभ्य आवाजात, "म्हणजे निसर्ग आहे, स्वाद आहे, फक्त आंबा तेवढा नाही. अहो, मग 'आंब्याचा भास' असं छापा की. आमच्या पिढीला भासाची सवय आहे." आणि फोन ठेवला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढंच म्हणायचं त्यांनी बाकी ठेवलं होतं. पुढच्या छपाईत आम्ही शब्द बदलून 'आंब्यासारखा स्वाद' असं केलं. आजोबांचा पुन्हा फोन आला नाही, म्हणजे समाधान झालं असावं. पुण्यात याहून मोठी पावती मिळत नाही.

शालनताई मात्र फोन न करता थेट आल्या.

शनिवार पेठेत एका कोपऱ्यावर त्यांचा फुलांचा पाट होता, पदपथावर पाट मांडून त्या फुलं विकायच्या. यवतमाळकडून नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या, नवरा गेला, पाट राहिला. गजरे, हार, वेण्या, दसऱ्याला तोरणं, सगळं त्या एकट्या करायच्या. दोन बसा बदलून खराडीला आल्या होत्या आणि आमच्या काचेच्या दारात पदराखाली हात लपवून उभ्या होत्या. मी खुर्ची दिली. त्यांनी पदर बाजूला केला. बोटांच्या पेरांवर भेगा, तळहात लाल, नखांच्या कडेला सोलवटलेलं. माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

त्यांनी कनवटीतून आमच्याच क्रीमची डबी काढली. "हे लावते मी रोज. नैसर्गिक म्हणून घेतलं, अन् हात अजूनच चिघळले. डॉक्टरीण म्हनते, एक तं हे तुमच्या फुलानं झालं, नाई तं या मलमानं. मलमात काय हाये ते लिहून आना म्हने. मी डबी दाखवली तं ते हासली. म्हने, यावर काईच लिहेल नाई."

"लिहिलंय ना, नैसर्गिक सुगंध," मी म्हटलं. मी काय बोलले हे माझं मलाच ऐकू आलं.

"धोतऱ्याचं जहर बी नैसर्गिकच राह्यते बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी हात पुन्हा पदराखाली घेतले. "मलमाचं असन तं मलम फेकून देतो. फुलाचं निंगालं तं मी काय करू? मले दुसरं काई येतच नाई. अन् लोकं आताच म्हन्तात, ताई, हार पाटावर ठेवा, आम्ही उचलतो. देवाचा हार हाय ना. माह्या हाताचा घेत नाईत."

तेवढं ऐकून मी आत गेले. देवधर सरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, परदेशी डबीवरची पाच नावं तरी डॉक्टरांना देऊ. सरांनी नुसती नावं दिली नाहीत, त्या पाच द्रव्यांच्या छोट्या कुप्या भरून दिल्या. त्वचेच्या डॉक्टर अशा कुप्यांतला थेंब पट्टीवर घेऊन पाठीला चिकटवतात, पट्ट्या दोन दिवस ठेवतात, जिथे लाल होईल ते द्रव्य गुन्हेगार. भर उन्हाळा होता. शालनताईंना दोन दिवस पाठ भिजवायची नव्हती. "पाठीवर पाच तिकिटं लावून बसली मी," त्या फोनवर म्हणाल्या. "आता पोस्टात टाका म्हना."

पाचही जागा कोऱ्या निघाल्या. त्यांच्या पाठीला काहीच झालं नव्हतं.

आम्हाला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. क्रीम निर्दोष ठरलं होतं. पण मलम नाही म्हणजे फुलं, हे डॉक्टरांचं सरळ गणित होतं. त्यांनी शालनताईंना सांगितलं, फुलांचा धंदा सोडा, निदान वर्षभर तरी. शालनताई मला म्हणाल्या, "वर्सभर पाट रिकामा ठेवला तं तिथं मोबाइलचे कव्हरवाले बसतीन. मंग पाट बी गेला अन् मी बी गेली." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जाताना डबी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, जपून, झाकण घट्ट लावून.

त्या रविवारी दुपारी मी घरी पडले होते. माझी सून आयटीत आहे. तिनं एक चहा आणला होता, कॅमोमाइल म्हणतात त्या फुलांचा. "आई, हा प्या, मस्त झोप लागते." गरम पाण्यात ती वाळकी फुलं उलगडली. वाफेला सफरचंदाच्या सालीचा, उन्हात पडलेल्या गवताचा वास होता. ओळखीचा वास. डोळे जड होत होते, पंखा वर हळूहळू फिरत होता, आणि मला आमची वासाची खोली दिसत होती, पडदा, पट्टी, सरांचे मिटलेले डोळे. आमच्या क्रीमच्या तळाशी अगदी शेवटी हाच वास रेंगाळायचा. मी झोपेच्या काठावर होते, पण हात सवयीनं चहाच्या खोक्याकडे गेला. लेबलं लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं लेबल वाचल्याशिवाय राहवत नाही. मी लोकांच्या घरी गेले तरी बाथरूममधल्या बाटल्या वाचून येते. खोक्याच्या कडेला इंग्रजीत एक बारीक ओळ होती: शेवंतीच्या कुळातल्या वनस्पती ज्यांना सोसत नाहीत त्यांनी हा चहा टाळावा.

माझी झोप पार उडाली.

आमच्या धंद्यातल्या माणसांनाच होईल अशी चूक होती ती. लेबलावर जी पाच नावं लिहिणं सक्तीचं, तेवढीच पाच आम्ही तपासायला दिली. जे लिहिणं सक्तीचं नव्हतं ते आमच्या मनातूनच पुसलं गेलं होतं. दोन शब्दांच्या त्या झाकणाखाली काय काय आहे हे रोज हुंगणारे आम्ही, पण आम्हीसुद्धा लेबलच वाचत होतो.

सोमवारी अकरा वाजायच्या आधी मी सरांपुढे उभी होते. "सर, आपल्या क्रीममध्ये कॅमोमाइल आहे ना?"

सरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "आहे. अगदी कणभर. बाई, ते मी सुगंधासाठी घातलंच नव्हतं. दिवसभर काम केलेल्या बाईनं रात्री हाताला क्रीम लावावं आणि तिला जरा गुंगल्यासारखं वाटावं, म्हणून घातलं."

"ते शेवंतीच्या कुळातलं आहे, झेंडूही त्यातलाच. शालनताई दिवसभर शेवंती आणि झेंडू गुंफतात. आणि रात्री आपण त्यांना त्याच फुलाचा भाऊबंद हातावर चोळायला देतो."

"कणभर," ते पुन्हा म्हणाले, पण आवाज खाली गेला होता. मग म्हणाले, "सगळ्या तेलांच्या कुप्या द्यायच्या म्हणजे माझी पाककृती द्यायची. आयुष्यात ती मी बायकोलाही सांगितली नाही."

"नावं नका लिहू. नुसते आकडे घाला. जो आकडा लाल होईल त्याचंच नाव सांगा."

सरांनी वासाची खोली आतून लावून घेतली. दुपारभर ते आत होते. बाहेर मजल्यावर थोड्या थोड्या वेळानं निराळा वास येत होता, वाळा, मग कुठलंसं लिंबू, मग ओल्या लाकडासारखं काही. आम्ही सगळे आपापल्या जागी गप्प बसून होतो आणि त्यांचं एक आख्खं गुपित दाराच्या फटीतून आमच्यावरून वाहत जात होतं. संध्याकाळी ते कुप्यांची पेटी घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. वासानं असेल.

या वेळी डॉक्टरांनी शालनताईंच्या पाटावरची फुलंही मागवली. मोगरा, गुलाब, निशिगंध, जुई, शेवंती, झेंडू, प्रत्येकाची पाकळी वेगळी. शालनताईंची पाठ पुन्हा कोरडी, पुन्हा कुरकुर. पट्ट्या काढल्या तेव्हा तीन जागा लालभडक होत्या. एक सरांचा आकडा, म्हणजे कॅमोमाइल. दुसरी शेवंती. तिसरा झेंडू. मोगरा, गुलाब, निशिगंध, जुई, सगळे स्वच्छ.

मी फोन केला तेव्हा शालनताईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे मोगरा राह्यला माह्याजवळ?"

"राहिला. गुलाबही राहिला. शेवंती आणि झेंडूला मात्र आयुष्यभर हात लावायचा नाही."

"मंग दसरा गेला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. पाट तं राह्यला."

क्रीम थांबलं, शेवंती थांबली, आणि हळूहळू हातांना कातडी धरू लागली. इकडे मी सरांच्या मागे लागले. कुठल्याही नियमानं मागितली नव्हती अशी एक ओळ मला लिहायची होती, मुंगीच्या पायांची नव्हे, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी: 'या क्रीममध्ये शेवंतीच्या कुळातल्या फुलाचा अर्क आहे. शेवंती किंवा झेंडूनं हाताला खाज येत असेल, तर हे लावू नका.'

"क्रीम विकायचं आणि वर लिहायचं, लावू नका!" सर म्हणाले. "बाई, हे हात दाखवून अवलक्षण आहे."

"ते फूल आपण काढणार आहोत का?"

"ते काढलं तर क्रीमची झोप जाईल."

"मग ओळ राहू द्या."

ओळ राहिली. वर्षानुवर्षं लेबलं लिहिली, त्यात माझी म्हणावी अशी ही एकच. छापून आली तेव्हा मी डबी घरी आणून उशाशी ठेवली होती, हे सुनेलाही माहीत नाही. विक्री थोडी घसरली. दोघातिघांनी फोनवर झापलं, "तुम्ही कधीपासून असलं घालायला लागलात?" पहिल्यापासूनच, असं मी सांगायचे. आणि एक दिवस कुणा अनोळखी बाईंचा फोन आला. "मी तुमचं क्रीम घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "दुकानात ती ओळ वाचली आणि परत ठेवलं. एवढंच सांगायला फोन केला. आभारी आहे." सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "उत्तम. अशी दहा गिऱ्हाइकं मिळाली की आपण दुकान बंद करू." पण ओळ काढा, असं ते कधी म्हणाले नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याला मी सकाळीच शनिवार पेठेत गेले. रस्ताभर झेंडूचे ढीग, सगळा रस्ता पिवळा-केशरी झालेला, आणि त्यात शालनताईंचा पाट तेवढा पांढरा. निशिगंध, थोडी जुई, पांढरे गुलाब. लोक यायचे, विचारायचे, "झेंडू नाही?" आणि पुढे जायचे. त्या मला बघून हसल्या, पण दिवस त्यांना जड जात होता हे दिसत होतं.  हे आपण वाचवलं की हिरावलं, ते मला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

"घरी तोरण लावलंत?" मी विचारलं.

त्या मान हलवून नाही म्हणाल्या. "शेजारची देऊन गेली करून. पन लावीन कोन? मले तं शिवताच येत नाई. पिशवीत पडेल हाये."

त्यांची खोली मागच्याच बोळात होती. मी पिशवीतून तोरण काढलं, स्टुलावर चढले आणि त्यांच्या चौकटीला बांधायला लागले. त्या चार हात दूर उभ्या राहून मला सूचना देत होत्या. "डाव्या अंगाले वर घ्या. तसं नाई बाई, झोल पडला. पुन्याच्या लोकाइले तोरन बी बांधता येत नाई का?" मी दोनदा सोडून पुन्हा बांधलं. बांधून झालं. पदर तोंडाला लावून दाराकडे बघत राहिल्या.

"जलमभर लोकायच्या दाराले तोरनं केली," त्या म्हणाल्या. "माह्या दाराले कोनी पह्यल्यांदा बांधलं."

माझे हात झेंडूनं पिवळे झाले होते. मी त्यांच्या मोरीत गेले, साबण लावून हात धुतले, पुन्हा लावून धुतले, नाकाशी नेऊन बघितले, वास गेल्याची खात्री करून घेतली. मग बाहेर आले. शालनताईंनी आपट्याचं पान काढलं, "सोनं घ्या," म्हणाल्या आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं. ठेवून हात मागे घेतला नाही. त्यांचा तळवा माझ्या तळव्यावर तसाच टेकलेला होता, कोरडा, उबदार आणि कुठेही भेग नसलेला.